गल्लीची पूरपट्टी : कामाच्या नोंदी

काम : सांगलीत मारुती चौकामागच्या आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घराचा पूर-आकडा काढणे. आयर्विन पुलाच्या पट्टीवर कृष्णा किती फुटांना गेली की त्या घरात पाणी शिरतं, तो आकडा.

माणसं : मी (सगळी नोकरी बांधकामाच्या साइटवर सुपरवायझर म्हणून), समोरचे मिस्त्री, पिठाच्या गिरणीचे तात्या, ऑनलाइन लेक्चरला कंटाळलेली कॉलेजची दोन पोरं, आणि वहीचा हिशेब नि ग्रुपवरचे मेसेज सांभाळायला शेजारच्या वहिनी.

सामान : मिस्त्रींची लेव्हल नळी, टेप, ओळंबा, खडू, ऑइल पेंटचा छोटा डबा. बाकी काही लागत नाही.

६ जून २०२१, रविवार

पावसाळा लागला की सांगलीत भेटणारा माणूस ‘जेवलास का’ विचारायच्या आधी ‘आयर्विनला किती?’ विचारतो. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ. पण ४५ झालं म्हणजे माझ्या दाराला काय झालं, हे कुणालाच नेमकं सांगता येत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्यापायीच आमच्या गल्लीचं नुकसान वाढलं. काही जण ४२ लाच घर सोडून गेले, काही ५० पर्यंत ‘आपल्याकडं येत नाही’ म्हणत बसले, आणि फ्रिज-कपाटं दोघांचीही बुडाली.

आकडा काढायला मूळ खूण हवी. सरकारी बेंचमार्क शोधत बसण्यापेक्षा सोपी खूण आमच्याकडे भिंतीवरच आहे. तात्यांनी २०१९ नंतर गिरणीची बाहेरची भिंत मुद्दाम रंगवलेली नाही. पुराची मातकट रेघ अजून स्पष्ट दिसते. त्या वेळी आयर्विनला सर्वांत वर पाणी गेलं ते ५७ फूट ६ इंचांना. म्हणजे ही रेघ = ५७ फूट ६ इंच. तिथून टेप खाली सोडली की झालं. पाणी चढतं तेव्हा पुलापासून इथपर्यंत त्याला थोडा उतार असणार, हे मिस्त्रींनी लगेच काढलं. बरोबर आहे. पण पूर शिखरावर थांबतो तेव्हा शहरात शिरलेलं पाणी तळ्यासारखं पसरून उभं असतं, आणि आपल्याला मिलिमीटर नकोच आहेत. दोन-तीन इंच इकडेतिकडे धरून चालू.

गिरणीचा उंबरा रेघेच्या ९ फूट २ इंच खाली. म्हणजे आकडा ४८ फूट ४ इंच. पहिला आकडा वहीत पडला.

१३ जून, रविवार

आज लेव्हल नळी. पोरांना फोनवरचं लेव्हलचं ॲप वापरायचं होतं, मिस्त्रींनी फोन खिशात ठेवायला लावला. पारदर्शक नळी, आत पाणी, दोन्ही टोकं वर धरली की दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला. अट एकच : आत बुडबुडा राहता कामा नये. बारीकसा बुडबुडा नळीच्या वळणात अडकला की दुसऱ्या टोकाला आकडा चुकतो आणि कळतही नाही. म्हणून मिस्त्री नळी भरताना बादली उंचावर ठेवून सावकाश पाणी सोडतात, मग सगळी नळी जमिनीवर पसरून बोटाने टिचक्या मारत जातात. दोन्ही टोकं शेजारी-शेजारी धरून पाणी जुळलं, की मगच कामाला सुरुवात.

गल्लीचं तोंड सर्वांत खोल, ४६ फूट ९ इंच. तिथून आत चढ आहे. माझा उंबरा ५० फूट २ इंच. मला स्वतःला तो ४८ च्या आसपास वाटत होता.

तात्या सगळं बघत दारात उभे होते. म्हणाले, “उंबऱ्याचं मोजून काय करताय? पाणी रस्त्यानं येत न्हाई. आदी मोरीतनं गुरगुरतंय.” शंभर टक्के खरं. गटार नाल्याला, नाला नदीला. नदी फुगली की गटार उलटं वाहतं, आणि पुढचं दार कोरडं असताना मागच्या मोरीतून पाणी घरात येतं. जुन्या घरांत पुढचा जोता उंच आणि मागची मोरी खाली, त्यामुळे तर हमखास. म्हणून प्रत्येक घराला आता दोन आकडे : मोरीचा आणि उंबऱ्याचा. गिरणीची मोरी ४७ फूट १ इंच. उंबऱ्याच्या सव्वा फूट आधी.

पडताळा आज्जींच्या घरी मिळाला. त्यांच्या आतल्या भिंतीत मारुतीची देवळी आहे. “पाचच्या साली पानी देवाच्या पायाशी येऊन थांबलं, वर गेलं न्हाई,” हे त्या गेली सोळा वर्षं सांगतात. उंबरा ४९ फूट ३ इंच, देवळीचा तळ त्याच्या बरोबर ४ फूट वर. म्हणजे ५३ फूट ३ इंच. आणि २००५ चा पूर आयर्विनला ५३ च्या पुढेच गेला होता. पोरांनी हे गणित वहीत दोनदा करून बघितलं. आज्जींना त्यात काहीच नवल वाटलं नाही.

२० जून, रविवार

अडथळा. आकडे भिंतीवर रंगवायचे ठरलं होतं. कोपऱ्यावरच्या घराच्या मालकांनी साफ नकार दिला. त्यांचं घर विकायला काढलंय. “दारावर पुराचा आकडा लिहिला तर गिऱ्हाईक पायरी चढंल का?” माणूस चिडून बोलला, पण त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. २०१९ नंतर या भागातल्या घरांचे भाव पडलेत, हे सगळ्यांना माहीत आहे. दुसरीकडे, घेणाऱ्यालाही कळायला नको का? वहिनींनी हाच प्रश्न विचारला आणि बैठक तिथेच मोडली. रंगकाम थांबवलं. आकडे सध्या वहीत आणि ग्रुपवर.

११ जुलै, रविवार

वही पूर्ण. गल्लीतली सगळी घरं झाली. सर्वांत खालची मोरी गिरणीची, सर्वांत वरचा उंबरा शेवटच्या वाड्याचा.

आता नुसता आकडा असून भागत नाही, आपला आकडा यायला किती वेळ उरलाय तेही कळायला हवं. त्यासाठी आयर्विनवर डोळा ठेवून उपयोग नाही, नदीच्या वरच्या अंगाला बघावं लागतं. पाटबंधाऱ्याच्या रोजच्या पत्रकात बहे, ताकारी, भिलवडी यांच्या पातळ्या असतात. भिलवडी चढायला लागली की आपली पाळी जवळ आली. कोयनेतून सोडलेलं पाणी कऱ्हाडच्या संगमावरून इथे यायला एक-सव्वा दिवस धरून चालतात. कोयना १०५.२५ टीएमसीचं धरण, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष तिच्याकडे. पण धरणाच्या खाली पडणाऱ्या पावसाला दरवाजा नाही, ते पाणी कुणालाच अडवता येत नाही. शिवाय आपल्या खाली हरिपूरला वारणा मिळते. चांदोली धरणाकडून ती भरून आली की कृष्णेला पुढे वाट मिळत नाही आणि पाणी सांगलीत तुंबतं.

इथे अर्थातच कृष्णेवरच्या कर्नाटकातल्या धरणाची, अलमट्टीची गोष्ट निघाली. सांगलीत पुराची चर्चा अलमट्टीशिवाय संपत नाही. मिस्त्री म्हणतात सगळा दोष तिथल्या फुगवट्याचा. २०१९ च्या पुरावर सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीने २०२० च्या अहवालात अलमट्टीला दोष दिला नाही, नदीकाठच्या अतिक्रमणांवर आणि अडवलेल्या नाल्यांवर बोट ठेवलं. मिस्त्रींना समिती मान्य नाही. माझं मत : अलमट्टी आपल्या हातात नाही, नाला आहे. चहा झाला, वाद तसाच राहिला.

वहिनींनी प्रत्येक घराच्या नावापुढे एक ओळ लिहिली : मोरीच्या आकड्याआधी चार फुटांवर काय करायचं. बहुतेक ठिकाणी तेच : मोरीवर नि संडासाच्या भांड्यावर वाळूची पोती, गॅसची टाकी माडीवर, मीटरचा मेन स्विच बंद, हौदातलं पाणी पिंपात भरून वर, कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत. आज्जींच्या ओळीत त्यांनी स्वतः सांगितलं तेच लिहिलं : “४५ झालं की मी भाचीकडं विश्रामबागला.”

२१ जुलै, बुधवार

काल आषाढी झाली. काल दुपारपासून संततधार. आयर्विन अजून खूप खाली. पोरांना पत्रक दिवसातून दोनदा वहीत उतरवायला सांगितलं.

२२ जुलै, गुरुवार

रात्रभर धो-धो. सकाळी चिपळूणचे व्हिडिओ आले. बाजारपेठेत पहिल्या मजल्याला टेकलेलं पाणी. आमच्या गल्लीत कुणीच काही बोलेना. चिपळूण घाटाच्या पलीकडे, पण ढग घाटाच्या दोन्ही अंगांना रिकामे होतात, आणि अलीकडचं सगळं आपल्याकडे येतं.

संध्याकाळी ठरवलं : आकडा यायची वाट बघायची नाही, गिरणी उद्या सकाळीच मोकळी करायची.

२३ जुलै, शुक्रवार

महाबळेश्वरला चोवीस तासांत जवळजवळ ६०० मिलिमीटर. पाटण तालुक्यात दरडी कोसळल्याच्या बातम्या. कोयनेचे दरवाजे उचललेत. २०१९ ला पाणी दिवसेंदिवस चढत होतं, या वेळी पोरांनी मांडलेल्या आकड्यांत काही वेळ तर दर दोन तासांत फूटभर पाणी वाढलं. बसून विचार करायला वेळच नव्हता.

गिरणीचं काम सांगण्यासारखं आहे. २०१९ ला तात्यांची मोटर बुडाली, वाइंडिंग गेलं, वर बेअरिंगमध्ये गाळ. या वेळी मिस्त्रींनी छताच्या तुळईला चेन पुली अडकवली. आधी पट्टा उतरवला, मग मोटरच्या पायाचे चार बोल्ट. तीन सुटले. चौथा गंजून बसलेला, त्यावर रॉकेल ओतून थांबलो. तात्या तेवढ्यात घरातून पितळी डबा घेऊन आले, पट्ट्याच्या क्लिपा आणि बोल्ट त्यात टाकले, आणि डबा कुणाच्या हाती न देता स्वतःच माडीवर नेला. चौथ्याला शेवटी छिन्नी लावावी लागली. मोटर वर लटकली तेव्हा खाली फरशीवर पीठ आणि तेलाचा चौकोनी डाग राहिला. दगड तसेच ठेवले. दगडाला पाणी काही करत नाही, फक्त नंतर छिन्नीने टाकी मारून घ्यावी लागते.

धान्याची पोती ज्याची त्याने नेली. ज्यांची माणसं बाहेरगावी, त्यांची माझ्या माडीवर. नावं खडूने पोत्यावरच.

४५ रात्री मागे पडलं. आज्जी त्याच्या बऱ्याच आधी निघाल्या. रिक्षात बसताना मास्क खाली ओढून ओरडल्या, “माझी मोरी बांधली का?” बांधली होती. निवारा केंद्रावर आधी अँटिजेन टेस्ट होती, त्यामुळे बहुतेकांनी नातेवाइकांची घरं गाठली. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेची भीती अजून ताजी होती.

२४ जुलै, शनिवार

आयर्विन ४७ झाल्याचा मेसेज वहिनींनी ग्रुपवर टाकला, आणि थोड्याच वेळात गिरणीच्या मागच्या बाजूने आवाज यायला लागला. बॅटरी घेऊन गेलो. मोरीवरच्या पोत्याच्या कडेने बुडबुडे निघत होते. गटाराचा वास आधी आला, मग काळं पाणी, त्यात एक कांद्याचं साल गोल फिरत. समोरचा रस्ता त्या वेळी कोरडा होता, मोटरसायकल गेली असती. पोतं नीट बसलं होतं, पण ते पाणी थोपवत नाही, फक्त उशीर करतं. तासभर मिळाला. तेवढ्यात तात्यांनी पेटीतलं उरलेलं पीठ भरून घेतलं.

मग गल्लीच्या तोंडातून रस्त्याचं पाणी आलं आणि दोन्ही पाणी गिरणीच्या उंबऱ्याशी एक झाली. वहीतला आकडा आणि ग्रुपवरचा आकडा यांत जेमतेम चार बोटांचा फरक.

त्यानंतर दिवसभर घरं वहीतल्या क्रमानेच भिजत गेली. पोरांनी प्रत्येक घरापुढे टिक केली. ज्यांचा आकडा ५१ च्या वर, ते घरात बसून इतरांना मदत करत होते, दुपारनंतर त्यांनीही हलवाहलव सुरू केली. डीपी सकाळीच बंद केला गेला, ते बरंच झालं. माझा उंबरा दुपारी. आधी मोरी, अर्थात.

मगर दिसल्याची अफवा आज तीन गल्ल्यांमधून फिरून आली. कृष्णेत मगरी आहेत हे खरं, म्हणून कुणी हसतही नाही. आम्हाला धामण दिसली, जिन्याच्या कठड्यावर अंग टाकून पडलेली. तिला तिथेच राहू दिलं.

२५ जुलै, रविवार

माडीवर. आयर्विन ५५ च्या आसपास. माझ्या घरात खालच्या खोलीत पावणेपाच फूट. जिन्याच्या पायऱ्यांवर पोरांनी खडूने खुणा केल्यात, त्यावरून वाढ कळते. दुपारनंतर खूण हलली नाही.

बोट दोनदा येऊन गेली. दूध आणि मेणबत्त्या. २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटली तेव्हापासून आमच्यातले कित्येक जण बोटीत बसायलाच तयार नाहीत. आजचा बोटवाला मात्र लाइफ जॅकेट घातल्याशिवाय कुणाला पाय ठेवू देत नव्हता, आणि मोजून माणसं घेत होता. समोरच्या माडीवरची गरोदर सून त्याच्याबरोबर गेली. तिच्या सासूने जॅकेटची गाठ स्वतः तीनदा ओढून बघितली.

बाकी दिवसभर काही नाही. ढग आणि वाट बघणं.

२८ जुलै, बुधवार

उतरतंय, इंचाइंचाने. चढताना आकड्यांनी साथ दिली, उतरताना नाही. ग्रुपवरच्या आकड्याप्रमाणे गिरणीची मोरी उघडी व्हायला हवी होती, प्रत्यक्षात मागच्या बोळात गुडघाभर पाणी तसंच. गटार गाळाने आणि प्लॅस्टिकने बसलंय. नदी खाली गेली तरी आत अडकलेल्या पाण्याला वाट नाही. मड पंप भाड्याने आणून ते काढलं. वहीत मोठ्या अक्षरात : आकडे फक्त चढत्या पाण्याचे.

गाळाबद्दल एक. तो ओला असतानाच काढायचा. पाणी घरातून निघत असतानाच खराट्याने ढवळून त्याच पाण्याबरोबर बाहेर लोटायचा. २०१९ ला आम्ही पाणी पूर्ण जायची वाट बघितली होती, आणि वाळलेला गाळ फावड्याने खरवडावा लागला होता. या वेळी जी घरं आधी उघडी पडली त्यांनी सुरुवात केली आणि मागची पोरं हात लावायला आली. मग ब्लीचिंग पावडर. मग पुन्हा पाणी.

१ ऑगस्ट, रविवार

नवी रेघ मोजली. गिरणीच्या भिंतीवर २०१९ च्या रेघेखाली २ फूट ७ इंच. म्हणजे ५४ फूट ११ इंच. पत्रकातल्या आकड्याला लागून. आज्जींच्या देवळीतला मारुती या वेळी बुडाला. त्या परत आल्यावर आधी तो घासला, मग बाकीचं घर बघितलं.

नुकसान झालंच. भिंती भिजल्या, दारं फुगली, एका घरातलं लाकडी कपाट हलवता आलं नाही ते उकललं. पण मोटर, फ्रिज, शिलाई मशीन, कागदपत्रं, धान्य वर होतं. तात्यांची गिरणी लाईट आल्यावर लगेच सुरू होईल. २०१९ ला दिवाळीपर्यंत बंद होती.

पंचनाम्याला आलेल्या मुलीने वही बघितली आणि फोटो काढून घेतला. वहीचा उपयोग तिला काय, ते तिने सांगितलं नाही. ‘किती दिवस पाणी होतं’ या रकान्यापाशी मात्र प्रत्येक घराची वेळ वहीत तयार होती, त्यामुळे वाद झाला नाही.

२२ ऑगस्ट, रविवार

रंगकाम. कोपऱ्यावरच्या घराचं मिटलं, म्हणजे अर्धंच. आकडा बाहेर नको, तर मीटरच्या पेटीच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहायचा, असं मिस्त्रींनी सुचवलं. मालक तयार झाले. सगळ्यांनाच ते पसंत पडलं, कारण पाणी यायच्या आधी मेन स्विच बंद करायला माणूस तिथेच येतो. निळ्यात मोरीचा, लालमध्ये उंबऱ्याचा.

घर घेणाऱ्याने पेटी उघडली नाही तर? वहिनी म्हणतात, त्या स्वतः उघडून दाखवतील. मालकांनी ते ऐकलं आणि काही न बोलता निघून गेले. हा वाद संपलेला नाही.

बाहेर, गिरणीच्या भिंतीवर दोन्ही रेघा साल लिहून पक्क्या केल्या. तात्यांनी त्यांच्या खाली २००५ चीही मारायला लावली, देवळीवरून काढलेल्या आकड्याने.

राहिलेलं : मागच्या बोळातल्या गटाराला उलट पाणी अडवणारी झडप बसते का, ते मिस्त्री बघणार. झडप बसवली आणि वरून पाऊस चालू राहिला तर आपलंच पाणी आत तुंबेल, ही माझी शंका. शेजारच्या गल्लीने लेव्हल नळी मागितलीय, पुढच्या रविवारी पोरं घेऊन जातील. नळी भरताना बुडबुडे काढायला विसरू नका, असं मिस्त्रींनी त्यांना बजावून सांगितलंय.